मोहोरबंद उत्तर : टपालाने घरी येणाऱ्या कोड्यांचा इतिहास आणि पेण-रोहा परिसर

बीजशब्द : शब्दकोडे, बक्षीस स्पर्धा, टपालव्यवस्था, कौशल्य आणि नशीब, कुलाबा जिल्हा

प्रस्तावना

कोडे घालणारा आणि कोडे सोडविणारा समोरासमोर बसलेले आहेत, हे मराठी समाजातील कोड्याचे मूळ चित्र होय. आजी नातवंडांना कोडे घालते, लग्नघरी वरपक्ष आणि वधूपक्ष एकमेकांची परीक्षा घेतात, कीर्तनकार संतांच्या कूट रचनेचा उलगडा श्रोत्यांसमोर करतो. या सर्व प्रसंगी उत्तर ज्याला ठाऊक आहे तो डोळ्यांसमोर असतो. उत्तर पटले नाही तर त्याच्याशी वाद घालता येतो, आणि ते चुकले तर थट्टेपलीकडे काही गमवावे लागत नाही.

विसाव्या शतकात या चित्रात मूलभूत बदल झाला. छापील नियतकालिक, टपाल आणि मनिऑर्डर या तीन सोयी एकत्र आल्या आणि कोडे घालणारा दूरच्या शहरातील एका पत्त्याआड गेला. कोडे घरी येऊ लागले, ते दिव्याखाली बसून सोडविले जाऊ लागले आणि त्याचे उत्तर मात्र दुसरीकडे, मोहोरबंद लखोट्यात राहिले. दरमहा टपालाने रहस्यकथेचा खोका घरी पाठविण्याचा अमेरिकेत लोकप्रिय झालेला उद्योग आज नवा वाटतो. 2016 मध्ये सुरू झालेला ‘हंट अ किलर’ हा त्यातील प्रसिद्ध खेळ आहे. तथापि, पैसे भरून घरबसल्या कोडे सोडविण्याचा व्यवहार भारतात त्याच्या किमान पाऊणशे वर्षे आधीपासून चालू होता आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वादही झाला होता.

या व्यवहाराचा इतिहास मांडणे आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या स्पर्धकाच्या बाजूने त्याचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन गावांचा परिसर समोर ठेवला आहे. उत्तर पुराव्यात आहे की केवळ लखोट्यात आहे, या एका प्रश्नावर टपाली कोड्याची प्रतिष्ठा आणि त्याची कायदेशीरता अवलंबून राहिली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

टपालव्यवस्था आणि पेण-रोहा परिसर

घरबसल्या कोडे सोडविण्यासाठी आधी कोडे घरी पोहोचणे आवश्यक असते. भारतीय टपाल खात्याने ही पूर्वतयारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात पूर्ण केली. 1877 मध्ये व्ही.पी. म्हणजे मूल्यदेय टपालाची सोय झाली, 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि 1880 पासून मनिऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. पत्र, वस्तू आणि पैसा या तिन्ही गोष्टी एकाच कचेरीतून आणि एकाच पोस्टमनच्या हातून फिरू लागल्या.

तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना विशेष महत्त्वाची होती. (1981 मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.) मुंबईपासून पेण रस्त्याने सुमारे 80 किलोमीटरवर आहे, परंतु दीर्घकाळ या भागाचे मुंबईशी दळणवळण मुख्यतः जलमार्गाने होत असे. मुंबईहून धरमतरपर्यंत बोट आणि तेथून पुढे रस्ता, असा हा प्रवास होता. कुंडलिका नदीकाठचे रोहा त्याहून आत वसलेले. रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचावयास 1986 साल उजाडले आणि रोह्यापासून दक्षिणेकडे जाणारी कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्णपणे खुली झाली. मुंबई नकाशावर जवळ आणि प्रवासास दूर, अशा या स्थितीत शहराशी नित्याचा संबंध टिकविण्याचे काम मुख्यतः टपाल करीत असे.

या टपालात पैशाची दिशा ठरलेली होती. कोकणातील चाकरमानी मुंबईत राबत आणि त्यांची मनिऑर्डर गावाकडे येई. पोस्टमनची वाट पाहणे म्हणजे बहुधा या मनिऑर्डरची वाट पाहणे होते. बक्षिसाच्या कोड्यांनी ही दिशा उलटी केली. प्रवेश फीच्या रूपाने चार-आठ आणे गावाकडून शहराकडे जाऊ लागले, आणि जे शहरातून कष्टाने येत होते तेच आता शहरातून नशिबाने येईल, अशी आशा निर्माण झाली. ज्या मनिऑर्डरच्या पावतीवर कुटुंबाचा विश्वास होता, त्याच पावतीचा विश्वास स्पर्धेलाही आपोआप लाभला. स्पर्धेच्या संयोजकाने ही पत स्वतः मिळविलेली नव्हती. ती टपाल खात्याची होती.

कोड्याचे रूपांतर : प्रश्नापासून चौकटीपर्यंत

आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ 21 डिसेंबर 1913 रोजी झाला, असे मानले जाते. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी रचलेले चौकटींचे कोडे प्रसिद्ध झाले. पुढील दशकात हा खेळ अमेरिकेत व इंग्लंडमध्ये पसरला आणि इंग्रजी नियतकालिकांच्या मार्गाने भारतात आला.

मराठीत येताना या खेळाला लिपीमुळे वेगळे रूप मिळाले. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो, तर मराठी कोड्यात एका घरात काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर बसते. ‘कमळ’ हा शब्द तीन घरे घेतो आणि ‘प्रश्न’ हा शब्द दोनच. आडवा आणि उभा शब्द जेथे एकमेकांस छेदतात तेथे केवळ व्यंजन जुळून भागत नाही, स्वरही जुळावा लागतो. त्यामुळे नीट रचलेल्या मराठी शब्दकोड्यात चूक लपून राहत नाही. एक शब्द चुकला की त्याला छेदणारा दुसरा अडतो आणि सोडविणाऱ्याला स्वतःची चूक स्वतःच कळते. असे कोडे हा खऱ्या अर्थाने शब्दसंपत्तीचा व्यायाम ठरतो. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाले. शब्दांविषयीच्या कुतूहलाला समाजात प्रतिष्ठा लाभत असण्याचा हाच काळ होता.

मात्र बक्षिसाच्या स्पर्धेला असे निर्दोष कोडे परवडणारे नव्हते. सर्वांचेच उत्तर बरोबर आले तर बक्षीस कोणाला द्यावयाचे? म्हणून सूत्रे अशी रचली जात की दोन शब्द सारखेच योग्य वाटावेत. उदाहरणादाखल, ‘संकटकाळी याचाच आधार वाटतो’ असे सूत्र आहे, दुसरे अक्षर ‘त्र’ दिलेले आहे आणि पहिले घर मोकळे आहे, अशी कल्पना करावी. उत्तर ‘मित्र’ की ‘मंत्र’? व्यवहारी माणूस मित्र म्हणेल, भाविक मंत्र म्हणेल आणि भाषेच्या कसोटीवर दोघेही बरोबर ठरतील. परंतु संयोजकाच्या लखोट्यात यांपैकी एकच शब्द आहे. येथे कोडे भाषेचे राहत नाही. दुसऱ्याच्या मनात काय होते, याचा तो अंदाज ठरतो.

रहस्याची संचिका : पुरावा आणि मोहोर

मोहोरबंद उत्तराचा उपयोग नेहमी असाच झाला असे नाही. 1936 मध्ये इंग्लंडमध्ये डेनिस व्हीटली यांची ‘मर्डर ऑफ मायामी’ ही रहस्यकथा प्रसिद्ध झाली. तिची योजना जे. जी. लिंक्स यांची होती. नेहमीच्या कादंबरीसारखी प्रकरणे तीत नव्हती. वाचकाच्या हाती पोलिसांची संचिकाच पडे. तीत तारा, जबान्या, अहवाल, छायाचित्रे आणि पुराव्याच्या प्रत्यक्ष वस्तू होत्या. शेवटचा भाग मोहोरबंद होता. वाचकाने आधी पुरावा तपासावा, गुन्हेगार ठरवावा आणि मगच मोहोर फोडावी, अशी अपेक्षा होती. आजच्या टपाली रहस्यखेळांचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

या संचिकेतही उत्तर लपविलेले होते, पण ते वाचकाच्या हाती असलेल्या कागदांतून काढता येण्यासारखे होते. मोहोर फोडल्यावर वाचकाला आपले कोठे चुकले ते कळे आणि मागे जाऊन पडताळता येई. लखोटा येथे केवळ संयमाची परीक्षा घेत होता.

मराठी वाचकाला रहस्याची ही गोडी प्रामुख्याने कथा-कादंबरीतून लाभली. बाबुराव अर्नाळकर (1906-1996) यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड यांसारखी त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. असे पुस्तक व्ही.पी.ने मागविणाऱ्यालाही पुडके फोडण्याआधी पोस्टमनच्या हाती पैसे द्यावे लागत. परंतु पुडके फुटले की रहस्य आणि त्याची उकल दोन्ही त्याच्या मालकीची होत. उत्तराचे पान अखेरीस त्याच पुस्तकात असे. बक्षिसाच्या कोड्यात मात्र पैसे आधी जात, उत्तर नंतर कळे आणि ते तसेच का, याचे कारण बहुधा कधीच कळत नसे.

बक्षिसाचे गणित

या स्पर्धांचा मोह समजून घेण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. एका कोड्यात 10 सूत्रांना प्रत्येकी दोन संभाव्य उत्तरे असतील, तर एकूण 1,024 निरनिराळ्या प्रवेशिका संभवतात. अशी सूत्रे 15 असतील तर ही संख्या 32,768 होते आणि 20 असतील तर 10,48,576. एका प्रवेशिकेला चार आणे फी धरली, तर 10 सूत्रांचे सर्व पर्याय भरण्यास 256 रुपये आणि 15 सूत्रांचे भरण्यास 8,192 रुपये लागतील. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात यांतील पहिली रक्कमही गावातील पगारदार कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती.

स्पर्धकाला मात्र हे आकडे दिसत नसत. त्याला दिसे ती एक प्रवेशिका आणि तिची क्षुल्लक वाटणारी फी. एक-दोन चुका असलेल्या उत्तरांनाही लहान बक्षिसे ठेवण्याची प्रथा असल्याने ‘थोडक्यात हुकले’ ही भावना टिकून राही. पुढील वेळी आणखी दोन प्रवेशिका पाठवाव्यात, असे वाटण्यास ती पुरेशी होती. शिवाय हा खेळ पत्त्यांच्या अड्ड्यावर जाऊन खेळावयाचा नव्हता. तो घरी, शब्दकोश उघडून, मुलाबाळांचा सल्ला घेऊन खेळता येई. जुगाराला नावे ठेवणाऱ्या घरातही शब्दकोड्याला मज्जाव नव्हता, कारण त्याचे बाह्य रूप अभ्यासाचे होते.

कायद्याची चौकट : 1939 ते 1957

शासनाचे लक्ष या व्यवहाराकडे लवकरच गेले. मुंबई प्रांतात 1939 मध्ये बक्षीस स्पर्धांवर कर बसविणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात 1948 चा मुंबई लॉटरी व बक्षीस स्पर्धा नियंत्रण आणि कर कायदा आला. याच शासनाने 1949 मध्ये दारूबंदीचा कायदा केला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागील नैतिक भूमिका स्पष्ट होते.

तथापि, 1948 च्या कायद्यात एक मोठी वाट मोकळी राहिली होती. प्रांताबाहेर छापून प्रसिद्ध होणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धा त्यातून वगळलेल्या होत्या. बंगळूरहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर खपत असे आणि त्यात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या संस्थेची शब्दकोड्याची बक्षीस स्पर्धा प्रसिद्ध होत असे. प्रवेशिका आणि फी गोळा करण्यासाठी मुंबई राज्यात प्रतिनिधी व केंद्रे होती. 1952 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही सूट काढून टाकण्यात आली आणि बाहेरील वृत्तपत्रांतील स्पर्धाही कराच्या कक्षेत आल्या. संयोजकांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे दोन्ही टप्प्यांवर निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले.

दरम्यान, मुंबईसह अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी संमतीचे ठराव केल्यावर संसदेने 1955 मध्ये बक्षीस स्पर्धा कायदा संमत केला. तो 1 एप्रिल 1956 पासून अमलात आला. शब्दकोडे, गाळलेला शब्द, चित्रकोडे किंवा अन्य कोणत्याही नावाने चालणाऱ्या स्पर्धांचा त्यात समावेश होता. महिन्याला एकूण 1,000 रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना त्याने बंदी केली. त्याहून लहान स्पर्धांना परवाना आवश्यक ठरला आणि त्यांच्या प्रवेशिकांची संख्या 2,000 पर्यंत मर्यादित झाली. ज्या लोकसभेने हा कायदा केला, तिच्यात कुलाबा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख करीत होते. ज्यांच्या नावाने आज रोह्यात महाविद्यालय आहे तेच हे देशमुख, आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरही तेच.

9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर दोन निर्णय दिले. पहिल्यात सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी मुंबई राज्याच्या बाजूने कौल दिला. ऋग्वेदातील द्यूतसूक्त, महाभारतातील पांडवांची दुर्दशा आणि मनु-याज्ञवल्क्यांची मते यांचा परामर्श घेऊन, जुगार हा संविधानाला अभिप्रेत असलेला व्यापार नव्हे, असे त्यांनी ठरविले. ज्या स्पर्धेतील यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून नसते ती जुगारच होय, ही कसोटी येथे निश्चित झाली. संयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळणे हे कौशल्य ठरू शकत नाही, हे तिच्या मुळाशी होते. दुसऱ्या निर्णयात न्या. वेंकटराम अय्यर यांनी 1955 चा कायदा जुगारस्वरूप स्पर्धांनाच लागू होतो, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही, असा अर्थ लावून तो कायम ठेवला.

पहिल्या निर्णयातील आणखी एक मुद्दा इतिहासाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. वृत्तपत्र बंगळूरचे, मग मुंबई राज्याचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न होता. वृत्तपत्र मुंबई राज्यात वाचले जाते, प्रवेशिका तेथेच भरल्या जातात आणि फीही तेथेच दिली जाते. तेव्हा राज्याचा संबंध पुरेसा आहे, असे न्यायालयाने मानले. म्हणजेच खेळाचे स्थान छापखान्यावरून ठरले नाही, ते खेळणाऱ्याच्या घरावरून ठरले. पेण किंवा रोह्यात दिव्याखाली कोडे सोडविणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ज्या खेळाला तो शब्दांचा अभ्यास समजत होता त्याचे नाव आता त्याच्याच माजघरात बदलले होते.

त्यानंतरचा काळ

मोठ्या बक्षिसांच्या कोड्यांना या निर्णयांनी आळा बसला. वृत्तपत्रांतील शब्दकोडे मात्र टिकले, किंबहुना अधिक निर्मळ झाले. फी नाही, बक्षीस नाही किंवा नाममात्र, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच वृत्तपत्रात, असे त्याचे रूप रूढ झाले. छेदणाऱ्या शब्दांनी एकमेकांची साक्ष देणारे निर्दोष कोडे पुन्हा घरात आले.

टपालाने उत्तर पाठविण्याची हौसही संपली नाही. दूरदर्शनवरील ‘सुरभि’ या कार्यक्रमाच्या प्रश्नांना 1990 च्या दशकात देशभरातून पोस्टकार्डांचा अक्षरशः पूर आला. साध्या पोस्टकार्डाची किंमत सवलतीची असल्याने हा भार टपाल खात्यावर पडत होता. अशा उत्तरांसाठी ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ हा अधिक किमतीचा स्वतंत्र प्रकार खात्याने काढला आणि त्याची किंमत दहा रुपयांवर गेली. बक्षिसाची आशा आणि टपालाची किंमत यांचा मेळ येथे खुद्द खात्यानेच घातला.

पुढे खेळ मोबाइलवर आला आणि कौशल्य की नशीब हा 1957 चा प्रश्न नव्या रूपात न्यायालयांपुढे उभा राहिला. ऑनलाइन खेळ चालविणाऱ्या कंपन्यांनी चमारबागवाला निर्णयातील कसोटीचा आधार घेतला. 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा असो, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. या कायद्याला न्यायालयांत आव्हान देण्यात आले. ज्या कसोटीने शब्दकोड्याला सुमारे सात दशके जुगारापासून वेगळे ठेवले, तिचे महत्त्व या क्षेत्रापुरते संपते की काय, असा हा प्रश्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, टपालाने येणारे कोडे ही केवळ करमणूक नव्हती. दळणवळणाच्या दृष्टीने आडबाजूला असलेल्या गावांना शहराच्या अर्थव्यवहाराशी जोडणारा तो एक मार्ग होता, आणि त्यात पैशाची नेहमीची दिशा उलटी होत होती. दुसरी, या व्यवहाराला लाभलेली प्रतिष्ठा उसनी होती. टपालाची पत आणि शब्दाभ्यासाचे रूप यांमुळे जुगाराला उंबरठा ओलांडता आला. तिसरी, कायद्याने कौशल्य आणि नशीब यांत केलेला भेद हा मूलतः उत्तराच्या जागेचा भेद आहे. उत्तर पुराव्यात असेल तर सोडविणाऱ्याला ते पडताळता येते आणि हरल्यावरही तो काही शिकतो. उत्तर केवळ लखोट्यात असेल तर त्याच्या पदरी फक्त पावती राहते.

समोरासमोर कोडे घालणाऱ्या आजीपाशी उत्तर विचारण्याची सोय होती. टपाली कोड्याने ती काढून घेतली आणि मोबाइलवरील खेळांत ती आणखी दूर गेली, कारण तेथे लखोटाही दिसत नाही. वर्गात शब्दकोडे किंवा रहस्यखेळ अध्यापनाचे साधन म्हणून वापरताना म्हणूनच एक पथ्य पाळावयास हवे. कोडे कितीही अवघड असावे, पण त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या हातातील सामग्रीतूनच निघाले पाहिजे.